बडोद्याचे सरकारी हायस्कूल: आरंभ नेमका कोणाच्या कारकिर्दीत मोजावा?

धागाकर्ता: सुरसागरकाठ

बडोद्यातील शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात तो महाराज सयाजीराव तिसरे यांच्यापासूनच सुरू होतो. सक्तीचे मोफत शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, कलाभवन, गायनशाळा ही सारी त्यांच्याच काळातील कामे असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु शहरातील पहिल्या सरकारी हायस्कुलाचा विचार करताना मात्र आपण ही कथा दहा वर्षे उशिरा सुरू करतो आणि मधल्या काळात ज्यांनी कष्ट घेतले त्यांची नावे गाळून टाकतो, असे मला अलीकडे तीव्रतेने वाटू लागले आहे. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

खंडेराव महाराज २८ नोव्हेंबर १८७० रोजी वारले आणि त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव गादीवर आले. संस्थानाने स्वतःच्या खर्चाने शाळा काढण्याची सुरुवात १८७१ सालची आहे. मराठी शाळा, गुजराती शाळा आणि इंग्रजी शिकवणारे हायस्कूल अशी ती मोजकीच मांडणी होती, पण दरबार आणि शिक्षण यांचा संबंध त्या दिवशी पहिल्यांदा जुळला. तुलनेसाठी सांगतो, सुरतेत इंग्रजी शाळा १८४२ मध्ये आणि अहमदाबादेत १८४६ मध्ये निघाली होती. होळकरांच्या इंदुरात मदरसा १८४१ पासून चालू होता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते. म्हणजे आपले शहर या बाबतीत पुढे नव्हते, चांगलेच मागे होते, आणि हा आरंभ किती उशिराचा होता हे मान्य केल्याशिवाय नंतरच्या तीस वर्षांतील झेप किती मोठी होती ते कळत नाही.

मल्हाररावांच्या काळातील एक योगायोग मला नेहमी चटका लावून जातो. १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण दादाभाई नौरोजी होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे पहिले हिंदी प्राध्यापक झालेला, मुलींच्या शाळांसाठी तरुणपणी झटलेला हा माणूस, नुकत्याच निघालेल्या हायस्कुलाच्या शहरात राज्यकारभार पाहत होता. परंतु रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे दरबारातील प्रतिनिधी, कर्नल फेअर यांचा विरोध आणि दरबारातील गटबाजी यांतून त्यांना उसंत मिळाली नाही, आणि १८७५ च्या आरंभी ते पायउतार झाले. त्यांना पाच वर्षे निवांत मिळती तर या हायस्कुलाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

पुढे रेसिडेंटवरील विषप्रयोगाचा खटला झाला, एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर करण्यात आले, आणि २७ मे १८७५ रोजी खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. तेच सयाजीराव. तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. म्हणजे हायस्कूल चार वर्षांचे झाले तेव्हा शहराचा राजा बाराखडी गिरवायला बसला होता. एकीकडे इलियटसाहेबांच्या देखरेखीखाली राजवाड्यात मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास चालू होता, आणि त्याच वर्षांत शहरात संस्थानाचे हायस्कूल आपला जम बसवीत होते.

या काळात कारभार होता दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती. ते तंजावरकडचे देशस्थ, म्हणजे मराठीच. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकलेले, मग त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक, मग तेथलेच दिवाण, नंतर १८७३ पासून दोन वर्षे इंदुरात दिवाण आणि १८७५ पासून बडोद्यात. एका सरकारी हायस्कुलाने मनुष्य कोठून कोठे जातो हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिले होते. बडोद्याचे हायस्कूल त्यांना मोडून नव्याने उभारता आले असते, पण त्यांनी ते चालू ठेवले आणि त्याला वरचा मजला चढवला. कॉलेजच्या इमारतीची कोनशिला ८ जानेवारी १८७९ ची आहे आणि कॉलेज सुरू झाले ते १८८१ मध्ये. सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ रोजी. तारखा समोर ठेवून पाहिल्या तर हायस्कूल आणि कॉलेज या दोन्ही संस्था महाराजांच्या हाती कारभार येण्याच्या आधी जन्मल्या होत्या, हे मान्य करावे लागते.

माझा हेतू महाराजांचे श्रेय कमी करण्याचा मुळीच नाही. आमच्या घरातील तीन पिढ्या त्यांच्या शाळांत शिकल्या आहेत. आरंभाचे श्रेय कोणाला द्यावे, एवढाच माझा प्रश्न आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद: मांडवीकर

धागा आवडला, परंतु मल्हाररावांना आरंभाचे श्रेय देण्यास माझी ठाम हरकत आहे. १८७३ मध्ये मीडसाहेबांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी आयोग बसला होता, तो प्रजेच्या आणि सरदारांच्या तक्रारींमुळेच. ज्या दरबारात शिपायाचा आणि कारकुनाचा पगार वेळेवर मिळेल याची शाश्वती नव्हती, त्या दरबाराच्या शाळेतील मास्तराची काय अवस्था असणार? शाळा काढण्याचा हुकूम एका सकाळी निघतो, परंतु मास्तर दरमहा टिकवणे, परीक्षा घेणे, वरच्या वर्गाची मुले मॅट्रिकला बसवणे हे वर्षानुवर्षे करावे लागते. माझ्या मते ती शाळा १८७१ मध्ये निघाली खरी, पण तिचे हायस्कूल झाले ते १८७५ नंतर.

शिवाय, शाळेच्या पाठीशी स्वतंत्र खाते आणि त्याला जबाबदार अधिकारी उभा राहिला तोही माधवरावांच्या काळात. आपल्याकडे त्या पदाला 'विद्याधिकारी' म्हणत. आमच्या घरी जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द होता आणि तो उच्चारताना त्यांचा स्वर बदलत असे. विद्याधिकारी वर्गावर येणार म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले होते.

प्रतिसाद: मोडीवाचक

दोघांचेही म्हणणे वाचले. चर्चेत एक बाजू राहून गेली आहे, ती मांडतो. १८७१ पूर्वी बडोद्यात शिक्षणच नव्हते असे कोणी समजू नये. मराठी घरांतील मुले पंतोजींकडे जात आणि गुजराती घरांतील मुले महेताजींच्या निशाळेत. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, पाढे, पावकी, निमकी, औटकी यांची सायंकाळी मोठ्याने होणारी उजळणी, आणि मग मराठी मुलांसाठी मोडीचा कित्ता, असा तो क्रम होता. मुलगा मोडी झरझर लिहू लागला आणि जमाखर्च मांडू लागला की त्याला फडणिशीत किंवा एखाद्या सरदाराच्या खासगीत चिकटवण्याची धडपड सुरू होई. हे शिक्षण पोटापुरते पक्के होते आणि दरबाराला त्याहून अधिक काही लागतही नव्हते.

मग हायस्कूल का लागले? माझे उत्तर असे की, राज्य चालवण्याची भाषाच बदलली. रेसिडेंसीशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत, मुंबई सरकारशी होणारा इंग्रजीत, रेल्वे आणि न्यायखात्याचे नियम इंग्रजीत. माधवरावांनी इंग्रजी मुलखाच्या धर्तीवर कारभार बसवायला घेतला, तेव्हा त्यांना बाहेरून माणसे आणावी लागली. मद्रासकडून, मुंबईकडून, अहमदाबादेकडून अधिकारी आले. स्थानिक मुलांना त्या जागांवर बसवायचे असेल तर हायस्कुलावाचून मार्ग नव्हता. शाळेच्या आरंभामागे ज्ञानाची ओढ होती तशीच कारकुनाची गरजही होती, आणि असे म्हणण्यात शाळेचा कोणताही अपमान नाही.

माझ्या पणजोबांची एक हिशेबवही आमच्याकडे आहे. सगळा मजकूर मोडीत आहे, परंतु शेवटच्या काही पानांवर त्यांनी इंग्रजीत स्वतःची सही गिरवून गिरवून पाहिली आहे. पहिल्या सहीत अक्षरे सुटी सुटी आहेत आणि पाचव्या पानापर्यंत ती जुळून आली आहेत. हायस्कूल बडोद्यात कशासाठी आले, हे मला त्या पाच पानांतून समजले.

प्रतिसाद: पाणीदरवाजा

मोडीवाचक, भाषेचा मुद्दा आपण काढलात ते बरे केलेत. बडोद्याची अडचण पुण्याला किंवा सुरतेला नव्हती. राजघराणे, सरदार आणि दरबारातील बरीच मंडळी मराठी, तर प्रजा बहुतांशी गुजराती. म्हणून १८७१ मध्येच मराठी आणि गुजराती अशा दोन्ही शाळा काढाव्या लागल्या. खालचे वर्ग आपापल्या भाषेत आणि हायस्कुलात आल्यावर दोघेही एका बाकावर, इंग्रजीसमोर सारखेच परके. बडोद्याचा मराठी माणूस गुजराती सहज बोलतो आणि येथील जुन्या गुजराती घरांना मराठी कळते, याचे बरेचसे श्रेय मी त्या एका बाकाला देतो.

पुढे १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केले तेव्हा रंगकाम, यंत्रकाम यांसारखे विषय देशी भाषेतून शिकवण्याचा आग्रह त्यांनी धरला. हायस्कुलाने इंग्रजीची वाट दाखवली आणि कलाभवनाने मातृभाषेची. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, हे येथे अनेकांना ठाऊक असेलच.

प्रतिसाद: रावपुऱ्याची लेक

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद मुलग्यांविषयी आहेत, म्हणून लिहिते. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला तेव्हा मुलग्यांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० अशी वयोमर्यादा होती. मुलींना दोन वर्षे कमी. आज वाचताना ते खटकते. परंतु दहाव्या वर्षी मुलीचे लग्न लावून मोकळे होणाऱ्या समाजात तीन वर्षे तरी तिला पाटी घेऊन घराबाहेर पाठवा, न पाठवल्यास दंड भरा, असे राजाने सांगणे ही केवढी गोष्ट होती, हे माझ्या आजीच्या बोलण्यातून मला कळले. तिच्या आईला याच कायद्यामुळे अक्षरओळख झाली होती. ती आयुष्यभर पोथी स्वतः वाचत असे आणि वाड्यातील इतर बायका भोवती बसून ऐकत.

त्या पुढचा टप्पा पाहायचा तर हंसाबेन मेहता पाहाव्यात. त्या बडोदा कॉलेजातून १९१८ मध्ये पदवीधर झाल्या, आणि १९४९ मध्ये त्याच कॉलेजाभोवती महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.

प्रतिसाद: मांडवीकर

ताई, आपला मुद्दा माझ्याच म्हणण्याला बळ देतो. सक्तीची सुरुवात १८९३ मध्ये अमरेलीकडे प्रयोग म्हणून झाली, तेरा वर्षे तो पारखून पाहिला आणि मगच कायदा संस्थानभर नेला. हा धीर ज्या राज्यकर्त्याकडे होता, त्यालाच मी शाळेचा खरा संस्थापक म्हणेन. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा हिंदुस्थानात हे शक्य आहे याचा दाखला म्हणून त्यांना बडोद्याकडे बोट दाखवता आले.

प्रतिसाद: भीमतीर

या धाग्यात 'सरकारी' हा शब्द वारंवार आला आहे. सरकारी म्हणजे सगळ्यांची, असे आज आपण धरून चालतो. १८७१ ची शाळा तशी नव्हती. अंत्यज मानलेल्या मुलांसाठी संस्थानाने शाळा काढल्या त्या सयाजीरावांच्या हाती अधिकार आल्यानंतर, १८८३ च्या सुमारास, आणि त्याही वेगळ्या. त्या शाळांवर शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक येईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. ज्यांनी ते काम पत्करले त्या शिक्षकांची आठवण या धाग्यात झाली पाहिजे, असे मला वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शाळेत शिकले नाहीत, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. परंतु बी. ए. साठी दरमहा २५ रुपये आणि पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड त्यांना बडोद्याने दिले. आणि १९१७ च्या सप्टेंबरमध्ये ते करारानुसार नोकरीसाठी याच शहरात आले तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. कामाठी बागेतील ज्या झाडाखाली ते त्या दिवशी बसले होते, तेथे आम्ही दरवर्षी जातो. शिक्षणात पुढारलेले शहर हे वर्णन मी वाचतो तेव्हा मला अभिमान वाटतो आणि त्याच क्षणी ते झाडही आठवते. दोन्ही गोष्टी याच शहराच्या आहेत.

प्रतिसाद: सुरसागरकाठ (धागाकर्ता)

भीमतीर, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या मूळ लेखात हा मुद्दा यायला हवा होता, तो आला नाही ही माझी मोठी चूक आहे. संस्थानाची पहिली शाळा आणि सर्वांसाठीची पहिली शाळा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मी त्यांना एकच समजून चाललो होतो. आपण दाखवल्यावर तारखांचा अर्थही बदलतो: १८७१ आणि १८८१ ही वर्षे संस्था उभ्या राहण्याची आहेत, १८८३ हे वर्ष त्यांचे दार थोडे उघडण्याचे आहे, आणि ते दार उघडण्याचा निर्णय नि:संशय सयाजीरावांचा आहे.

प्रतिसाद: दांडियाबाजार

हायस्कुलाच्या पहिल्या दहा वर्षांवर एवढी चर्चा झाली, आता त्यातून पुढे बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याविषयी लिहितो, कारण शाळा कशी होती हे मुलांवरूनच कळते. विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा, हे बडोद्याचे विद्यार्थी. कोकणातील गागोद्याचा जन्म, पण वडील बडोद्यात रंगकामाच्या क्षेत्रात नोकरीला असल्यामुळे शाळा येथे झाली. हायस्कुलात दुसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा आईची इच्छा संस्कृताची होती आणि वडिलांची फ्रेंचची. त्यांनी वर्गात फ्रेंच घेतली आणि संस्कृत घरी शिकले. गणितात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. तासन् तास पायी भटकणे आणि ग्रंथालयात बसणे हा त्यांचा उरलेला दिवस. संस्थानाने ग्रंथालयांची चळवळ १९१० मध्ये हाती घेतली होती, त्यामुळे विनोबांच्या पिढीला शाळेइतकाच ग्रंथालयाचाही लाभ झाला.

१९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले, मग कॉलेजात गेले. चिझमसाहेबांनी बांधलेला, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा तो प्रचंड घुमट डोक्यावर असलेल्या इमारतीत ते शिकत होते. आणि एके दिवशी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून त्यांनी आपली प्रमाणपत्रे एकामागून एक विस्तवात टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले.

मोडीवाचकांच्या पणजोबांनी ज्या कागदासाठी पाच पाने सही गिरवली, तोच कागद चाळीस वर्षांनंतर त्याच शहरातील सर्वांत बुद्धिमान मुलाने जाळला. मला या दोन्ही कृतींमध्ये विरोध दिसत नाही. पहिल्या पिढीला शाळेतून नोकरी हवी होती. नोकरी नको म्हणण्याइतके बळ दुसऱ्या पिढीला आले ते पहिल्या पिढीच्या त्या कष्टांमुळेच.

प्रतिसाद: पाणीदरवाजा

दांडियाबाजार, अगदी त्याच सुमारास शहरात गंगनाथ विद्यालय चालू होते, त्याचीही नोंद करावी. केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने चाललेल्या त्या राष्ट्रीय शाळेत दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर १९१० मध्ये आचार्य म्हणून आले. शिक्षकांना 'सर' किंवा 'मास्तर' न म्हणता घरातल्या नात्याने हाक मारायची, असा तेथील नियम होता. म्हणून कालेलकर 'काका' झाले आणि फडके 'मामा' झाले, ते कायमचेच. इंग्रज सरकारच्या रोषामुळे ती शाळा थोड्याच काळात बंद पडली. सरकारी हायस्कुलाला शहरात मिळालेले हे एकमेव वैचारिक उत्तर होते, असे मी म्हणेन. विनोबांच्या मनात जे चालले होते ते या शहराच्या हवेतच होते.

अरविंद घोषही १८९३ ते १९०६ बडोद्यातच होते आणि कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवीत होते, हे येथे सांगून ठेवतो. त्यांच्यावर स्वतंत्र धागा हवा.

प्रतिसाद: मोडीवाचक

दांडियाबाजार, पणजोबांच्या सहीला आपण असे स्थान दिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. वहीतील ती पाचही पाने या रविवारी उजेडात नीट टिपून येथे चढवतो. मोडी वाचता येणाऱ्यांनी वरच्या जमाखर्चावरही नजर टाकावी, कारण एका नोंदीत मुलाच्या पुस्तकासाठी दिलेली रक्कम आहे आणि तिच्यापुढचा शब्द मला 'विंग्रजी' असा लागतो.

प्रतिसाद: सुरसागरकाठ (धागाकर्ता)

मोडीवाचक, अवश्य चढवावीत. तो शब्द माझ्या काकूंना दाखवतो, त्यांनी अनेक वर्षे मोडी कागदपत्रे वाचली आहेत.

मांडवीकर, आपल्या हरकतीवर विचार केला. मल्हाररावांच्या काळात शाळा निघाली हे मी सोडणार नाही, कारण ते घडले आहे. परंतु 'आरंभ' या एकाच शब्दात मी सगळे बसवू पाहत होतो ते योग्य नव्हते. माझ्या टिपणवहीत मी आता असे लिहिले आहे: १८७१ मध्ये शाळा निघाली, १८७५ नंतर माधवरावांच्या हाताखाली तिचे हायस्कूल घडले, १८८१ मध्ये शहराला कॉलेज मिळाले, आणि ही शाळा कोणाकोणासाठी आहे हा प्रश्न १८८३ पासून महाराजांनी हाती घेतला. कोणाला यात दुरुस्ती सुचवायची असेल तर येथेच सुचवावी.